मागचं काढायचं नाही

आमच्या ऑफिसात लोक येतात ते सहसा आमचा मोबाइलवरचा सहायक काहीतरी विसरला अशी तक्रार घेऊन. निवृत्तीनाना आले ते त्यानं लक्षात ठेवलं, ही तक्रार घेऊन.

मार्गशीर्षातली सकाळ होती. गंगापूर रोडवरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून नाना आले, खुर्चीत बसले, पाणी नको म्हणाले आणि खिशातला मोबाइल काढून माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

"ताई, ह्याला जरा विसरायला लावा."

"काय विसरायला लावू, नाना?"

"माझ्या भावाचं समदं."

नाना सायखेड्याकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांची आणि धाकटा भाऊ संपत यांची बाग एकमेकींना लागून, मध्ये बांध, आणि विहीर सामाईक. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. पुढची काही वर्षं मोटार कोणी कधी चालू करायची हेसुद्धा गडी-माणसांमार्फत ठरत होतं. शेवटी गेल्या भाऊबीजेला त्यांच्या बहिणीनं, हिराक्कानं, औक्षणाचं ताट हातात धरून सांगितलं, "दोघं शेजारी बसाल तर ओवाळीन. नाहीतर दोघांनीबी आल्या पावली परत जा." दोघं बसले. अक्कानं एकच अट घातली, "मागचं कोणी काढायचं नाय." दोघांनी मान हलवली. त्या दिवसापासून संपतराव पुन्हा नानांच्या ओट्यावर चहाला येऊ लागले.

असेच एका संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले होते. मणी धरायची वेळ, पाण्याचा हिशेब नाजूक. नाना कौतुकानं म्हणाले, "थांब, आपल्या पोपटाला विचारू." त्यांनी फोनचा आवाज मोठा केला आणि आमच्या सहायकाला विचारलं, या आठवड्यात बागेला पाणी किती द्यावं?

सहायक अत्यंत अदबीनं म्हणाला, "निवृत्तीराव, मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात की संपतराव पाळी पाळत नाहीत, म्हणून तुम्ही मोटारीच्या पेटीला कुलूप लावणार आहात. ती अडचण सुटली का?"

संपतरावांनी कपबशी खाली ठेवली आणि उठून गेले.

"मी नाय काढलं, ताई," नाना मला सांगत होते. "ह्यानं काढलं. पण फोन माझा. तो म्हणतो, तुझ्या मनात तेच हाय, म्हणून तर फोनला सांगून ठेवलंय. आता काय बोलू मी त्याला? इतक्या वर्षांनी ओट्यावर आला होता हो."

मी फोन सुलटा करून बघितला. सहायकाच्या खिडकीत तोच प्रश्न अजून उत्तराची वाट बघत होता. 'ती अडचण सुटली का?'

इथं आमचं काम काय आहे ते सांगायला हवं. माझ्या वडिलांनाही मी ते अजून नीट सांगू शकलेले नाही. ते सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर आयुष्यभर उभे राहिले आणि माझी कृषी पदवी त्यांनी देवघराशेजारी टांगली आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. 'पोरगी नाशकात शेतकऱ्यांशी बोलते,' असं ते लोकांना सांगतात. हे बरीच वर्षं अक्षरशः खरं होतं. कानाला हेडफोन लावून मी बागायतदारांचे फोन घ्यायचे. पानाच्या खालून पांढरं दिसतंय की वरून, फवारणी कधी झाली, असं विचारून सल्ला द्यायचे. सुरुवातीला पलीकडून हमखास यायचं, "कोणी माणूस नाय का तिथं?" मी म्हणायचे, "माणूसच आहे, बोला." हळूहळू आवाज ओळखीचे झाले. "राम राम" ऐकलं की कोणाच्या बागेत उतार आहे आणि कोणाच्या जमिनीत चुनखडी, ते मला आपोआप आठवायचं.

मग मोबाइलवरचा सहायक आला. शेतकरी मराठीत लिहितो किंवा बोलतो, यंत्र उत्तर देतं. त्याचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आणि त्याला जेवणाची सुट्टी लागत नाही. आमची हेल्पलाइनची खोली रिकामी झाली. माझ्या मैत्रिणींपैकी काही दुसरीकडे गेल्या, काही घरी बसल्या. त्या खोलीत आता जुनी कपाटं आहेत. मी राहिले त्याचं कारण गमतीदार आहे. यंत्राला सगळं येत होतं, ओळख तेवढी नव्हती. प्रत्येक बोलण्याच्या सुरुवातीला ते कोरं असायचं. ओझरकडच्या एका आजोबांनी त्याला ओळीनं आठवडाभर जमीन, वाण, छाटणीची तारीख सांगितली आणि शेवटी लिहिलं, 'रोज रोज नवीन पाव्हण्यावानी काय इचारतो? घरी ये एकदा, बघून जा.'

तेव्हा त्याला आठवण द्यायचं ठरलं, आणि आठवण म्हणजे काय हे माहीत असलेलं कोणीतरी हवं म्हणून मला ठेवलं.

ही आठवण आपल्यासारखी नसते. बोलणं संपलं की यंत्र त्यातून दोन-चार ओळींची टिपणं काढतं. पुढच्या वेळी तुम्ही राम राम म्हणायच्या आत ती टिपणं त्याच्यासमोर ठेवली जातात. म्हणजे त्याला काही आठवत नाही, ते वाचतं. ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांची थोडी टिपणं मी वाचायची आणि सांगायचं, हे ठेवण्यासारखं होतं, हे नव्हतं, हे चुकीचं कळलं. यंत्राची बाजू सांभाळणारा आमचा इंजिनियर अद्वैत माझ्यापेक्षा बराच लहान आहे, नाशिक शहरातच वाढलेला, आणि त्यानं द्राक्ष तोपर्यंत फक्त खाल्लेलं होतं.

टिपणं वाचणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा काळ. एका माणसाबद्दल यंत्रानं लिहून ठेवलं होतं की त्याच्याकडे द्राक्ष, कांदा, टोमॅटो, म्हशी आणि कोंबड्या आहेत, त्याला तीन सासवा असून तिघींचे गुडघे दुखतात. चौकशी केली तेव्हा कळलं, तो पिठाची गिरणी चालवतो आणि दळण होईपर्यंत सगळी आळी त्याच्याच फोनवर प्रश्न विचारते. दुसरी गंमत म्हणजे पाहुण्यांची बाग. आपल्या बागेवर रोग आला हे सांगायला आमच्याकडे लोकांना लाज वाटते. मग ते म्हणतात, "आमच्या एका पाहुण्याच्या बागेत डावणी आलीय, काय मारावं?" यंत्र प्रामाणिकपणे पाहुण्यांची बाग लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी त्यांची खुशाली विचारायचं. समोरचा गोंधळून म्हणायचा, "कोणते पाहुणे?" अद्वैत विचारायचा, "मॅडम, हे लोक खोटं का बोलतात?" मी म्हणायचे, "खोटं नाही रे. थोडं लांबून बोलतात."

आणि लोकांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर 'मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात' हे वाक्य. ते ऐकलं की माणूस खुलायचा. आपलं कोणीतरी ध्यानात ठेवलंय! आम्ही ते वाक्य यंत्राला आवर्जून शिकवलं होतं. जे अर्धवट राहिलंय त्याची पुढच्या वेळी चौकशी कर, असं सांगितलं होतं. नानांच्या ओट्यावर त्यानं नेमकं तेच केलं.

अद्वैतनं नानांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, दोन मिनिटांचं काम आहे. ते टिपण पुसून टाकू."

"पुसा," नाना म्हणाले. मग थांबले. "पण इथं पुसून त्याला काय कळणार? तुम्ही घरी या. त्याच्यासमोर पुसा. तुम्ही कंपनीचे, तुमच्या तोंडानं सांगा त्याला."

आम्ही शनिवारी गेलो. संपतराव त्यांच्या बागेच्या कडेला फवारणीचा ब्लोअर धूत होते. नाना बांधाच्या अलीकडेच उभे राहिले. पलीकडे मीच गेले, मागून अद्वैत, त्याचे पांढरे बूट चिखलात.

"तुम्ही फोनवाल्या का?" संपतरावांनी पाणी बंद न करताच विचारलं.

"हो."

"कुठल्या?"

"मूळची सिन्नरकडची."

"मंग पाण्यावरनं भावाभावांत काय होतं ते तुम्हाला काय सांगायचं." एवढं म्हणून त्यांनी पाणी बंद केलं.

मी सांगितलं की हे आमच्या यंत्रानं केलं, नानांनी त्याला तसं बोलायला सांगितलं नव्हतं. ते बोलणं गेल्या उन्हाळ्यातलं होतं, भाऊबीजेच्या आधीचं. आता नानांच्या इच्छेनं आम्ही ते पुसून टाकतो आहोत, तुमच्या डोळ्यांसमोर.

"बोलला तर होता ना पण?"

बांधापलीकडून नाना म्हणाले, "बोललो होतो, संपत. रागात होतो."

"कुलूप लावणार होता मोटारीला."

"लावलं का मंग?"

"नाय लावलं." संपतराव माझ्याकडे वळले. "पुसू नका, ताई."

अद्वैत म्हणाला, "काका, पुसलं की विषयच संपला."

"कसा संपला? तुम्ही काय पुसलं, काय ठेवलं, मला दिसणारंय का? उद्या मला वाटंल, आजून काय काय बोलला आसंल आन् पुसलं आसंल. राहू द्या. आन् विसरायचं कुठं ठरलं होतं आमचं?" आता ते बांधाकडे बघून बोलत होते. "नाना, मी विसरलोय का? तू त्या दिवशी काय बोलला, कोणत्या ओळीत उभा राहून बोलला, समदं हाय माझ्या ध्यानात. काढलं का मी? भाऊबीजेपासून रोज चहाला येऊ राहिलो, एक दिवस तरी काढलं का?"

"नाय काढलं," नाना म्हणाले.

"अक्का काय म्हणली? काढायचं नाय म्हणली. विसरा नाय म्हणली." मग अद्वैतला, "सायेब, तुमच्या त्या पोपटाला एवढं शिकवता येत आसंल तर शिकवा. नसंल येत तर तसं सांगा. तवर मी काय त्याच्या ओट्यावर बसणार नाय. काय बोलावं आन् ते कधी भायेर पडंल, भरवसा नाय."

आम्ही निघताना नानांनी आमच्या गाडीत पेरूंची पिशवी ठेवली आणि मला हळूच विचारलं, "शिकंल का हो ते?"

मी "बघू" म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर अद्वैत म्हणाला, "मॅडम, आपण एकच प्रश्न विचारत होतो. ठेवायचं की पुसायचं. हे तिसरंच आहे."

हे तिसरंच होतं, आणि आम्ही दोघंही त्याच्यामागे लागलो. हेल्पलाइनवर मी स्वतः हे रोज करत होते, पण करत आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. एखाद्याची बायको रुसून माहेरी गेलेली मला ठाऊक असायची, कारण त्यानं मागच्या फोनवर सांगितलेलं असायचं. पुढच्या फोनला मी द्राक्षावरच्या भुरी रोगाबद्दल बोलायचे, बायकोबद्दल नाही. पण फवारणीला घरात माणूस कमी असेल हे धरून सल्ला द्यायचे. म्हणजे ती गोष्ट माझ्या उत्तरात असायची, तोंडात नसायची. हे मला कोणी शिकवलं? शाळेत नाही, कॉलेजात नाही. आणि जे मलाच कोणी शिकवलं नाही ते यंत्राला कोणत्या शब्दांत सांगायचं?

आम्ही प्रत्येक टिपणाला आणखी एक खूण जोडली. हे आपणहून बोलायचं, की समोरच्यानं काढलं तरच. मग खोटी संभाषणं रचून यंत्राला बोलतं केलं. पहिल्या प्रयत्नात ते इतकं भिडस्त झालं की हसून पुरेवाट. एका रचलेल्या शेतकऱ्याला ते म्हणालं, 'मागे तुमच्या बागेत काहीतरी अप्रिय घडलं होतं, तो विषय काढू का?' अप्रिय म्हणजे डावणी! दुसऱ्या एकानं चुकीचं औषध फवारलं होतं, ते माहीत असूनही त्याला वाईट वाटेल म्हणून यंत्र बोललं नाही. हा सभ्यपणा बाग घालवणारा. मग आम्ही ठरवलं, पिकाचं असेल तर स्पष्ट बोलायचं. घरातल्या, भावकीतल्या माणसांचं असेल तर बोलणाऱ्यानं काढल्याशिवाय नाही. आणि कोणाच्या जिवाचं काही असेल तर कसलीच भीड नाही, लगेच बोलायचं. या तिन्हींच्या सीमा नीट आखल्या आहेत असं मी अजूनही म्हणणार नाही. पाणी हे पीक की भावकी? सायखेड्यात ते दोन्ही आहे.

खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. समजा संपतरावांनी त्याला थेट विचारलं, की तुला आमचं भांडण माहीत आहे का, तर त्यानं काय म्हणावं? अद्वैतचं म्हणणं, "'मला कल्पना नाही' म्हणू दे. माणसं असंच म्हणतात."

"माणसानं म्हटलं तर आपण त्याला समजूतदार म्हणतो," मी म्हणाले. "यानं म्हटलं तर ते खोटं बोललं. आणि एकदा खोटं बोललं की त्याचं औषधाचं प्रमाण तरी कोणी खरं का मानावं?"

"पण 'हो, माहीत आहे' म्हटलं की ते पुन्हा उठून जातील."

"जातील कदाचित."

अद्वैतला हे पटायला वेळ लागला. मलाही माझं म्हणणं पटायला वेळ लागला, कारण नानांचा तो प्रश्न, शिकंल का हो ते, माझ्या कानात होता. खोटं बोलून त्यांचा भाऊ ओट्यावर येणार असेल तर मी कोण आडवी येणारी, असंही वाटायचं. पण संपतरावांचा आक्षेप होता तो भरवशाचा. ज्याचा भरवसा नाही ते कितीही गोड बोललं तरी त्यांच्या कामाचं नव्हतं.

द्राक्षात साखर भरू लागली तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. नानांना आधी फोन केला होता. त्यांनी संपतरावांना निरोप कसा दिला माहीत नाही, पण आम्ही पोचलो तेव्हा ते विहिरीजवळ उभे होते. ओट्यावर नाही. नानाही घरातून तिकडेच आले. नानांच्या संमतीनं त्यांचा सहायक आम्ही नव्या पद्धतीवर आणला होता, जुनी टिपणं होती तशीच ठेवून, कुलपाच्या टिपणासकट. तेही मी दोघांना सांगितलं.

नानांनी फोन हातात घेतला. त्यांना विचारवेना. "ताई, तुम्हीच विचारा."

"नाय," संपतराव म्हणाले. "त्याला तुझा आवाज ठाव हाय. तूच विचार. त्या दिवशी विचारलं होतं तेच."

नानांनी आवाज मोठा केला आणि घसा खाकरून विचारलं, या आठवड्यात बागेला पाणी किती द्यावं?

सहायकानं सांगितलं. मणी कुठल्या अवस्थेत आहेत ते विचारलं, थंडी कमी झाली आहे हे धरलं, पाणी एकदम न देता थोडं थोडं विभागून द्यायला सांगितलं, आणि विहीर सामाईक असल्यामुळे मोटार चालवायची वेळ आधी ठरवून घ्यावी, इतकंच म्हणालं. संपतरावांचं नाव नाही, कुलपाचं नाव नाही. मी अद्वैतकडे बघितलं. तो विहिरीत बघत होता.

नानांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फोन खिशात ठेवू लागले. संपतरावांनी हात पुढे केला. "आण इकडं."

नाना क्षणभर थांबले, मग फोन दिला. संपतरावांनी तो तोंडाजवळ धरला, लांबच्या माणसाला हाक मारावी तसं मोठ्यानं विचारलं, "आमचं भाऊ-भाऊ भांडण झालं होतं, ते ठाव हाय का तुला?"

अद्वैतनं डोळे मिटले.

"हो," सहायक म्हणाला. "त्याबद्दल पूर्वी झालेलं बोलणं माझ्याकडे आहे. तुम्ही काढल्याशिवाय मी तो विषय काढत नाही. आता त्यावर बोलायचं आहे का?"

शेजारच्या बागेत कामाला आलेल्या बाया हसत होत्या, तेवढाच आवाज. संपतरावांनी फोनकडे बघितलं, मग मान वर करून नानांकडे. नानांनी नजर खाली घेतली नाही.

"नको," संपतराव फोनला म्हणाले. "पाण्याचं सांग. माझी बाग ह्याच्या खालच्या अंगाला हाय. आधी कोणी घ्यायचं?"